खिळा ठोकायचा नाही

माझ्या घरात भाड्यानं राहायचं तर एकच अट: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाडं चार दिवस मागंपुढं झालं तर मी तोंड उघडत नाही. मटण शिजवा, पाहुणे आणा, टीव्ही मोठ्यानं लावा, पण खिळा नाही. औंढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं शिपाई होतो. त्याआधी बापाबरोबर मेंढरांमागं फिरलो. आमचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असायचं आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पाठ टेकायला भिंत म्हणून मला ठाऊक नव्हती. रिटायर झाल्यावर आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या या भिंती आहेत. त्यांना कोणी भोक पाडलं तर ते माझ्याच अंगाला पडतं. याला कोणी खडूसपणा म्हणत असेल तर म्हणो बापडा.

वरच्या दोन खोल्या मी कोमल आणि रणजीत आडे यांना दिल्या. दोघं सेनगावकडच्या तांड्यावरची. ती सरकारी दवाखान्यात नर्स, तो शेतांवर सोलर पंप बसवायच्या कामाला. अट ऐकल्यावर रणजीत हसला. म्हणाला, "काका, दिवसभर दुसऱ्याच्या भिंतीला भोकंच पाडतो मी. घरी तरी आराम भेटंल."

त्यानं खरोखर एक खिळा ठोकला नाही. पण महिन्याभरात वर काय काय लागलं होतं. दोन भिंतींच्या मधे ताणून बसणारा पडद्याचा दांडा होता. चिकटवायचे हूक होते, काढले की डागही राहत नव्हता. ओट्याखाली एक दिवा होता, माणूस जवळ गेलं की आपोआप लागायचा, आणि चार्ज करायला काढून हातात घेता यायचा. कुलरला असा प्लग की कोमल ड्यूटीवरून निघताना मोबाइलवरून तो सुरू करायची. एकदा कुलर रिकाम्या खोलीत फिरताना पाहिला आणि मी जिन्यावरच तिला गाठलं.

"घरात कोणी न्हाई, तर कुलर कोणाला वारा घालून राहिला?"

"खोलीला, काका. ती पण तापते ना दिवसभर."

मी म्हणालो, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." ती चिडली नाही. उलट म्हणाली, "बराबर हाय. आमच्या आजीची लदेणी बैलांवर होती, आमची दोन खोक्यात मावते." लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव निघायचं. तिच्या लोकांचं ते जुनं काम. बैलावर चढत नाही ते आपलं नाही, असं तिची आजी म्हणायची म्हणे. माझ्या बापाचं घोडं मला आठवलं, पण मी ते बोललो नाही. घरमालकानं भाडेकरूशी किती बोलावं याला काही सुमार असतो.

त्यांना येऊन वर्ष झालं आणि आमच्या अनुसयाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. माझी बायको चाळीस वर्षं माझ्याशी बोलत होती, खरं म्हणजे चाळीस वर्षं मला बोलत होती, आणि एका सकाळी ते सगळं थांबलं. डावा हात तेवढा चालायचा. त्या हातात मी स्टीलचा पेला दिला. काही लागलं की खाटेच्या पट्टीवर वाजव, म्हणालो. लेक हट्टा गावात दिलेली, ती महिन्यातून एकदा येऊन जायची. बाकी आम्ही दोघंच.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी तेव्हा कोणालाच सांगत नव्हतो. मला ऐकू येईनासं झालं होतं. समोर बसून कोणी बोललं तर ओठांवरून समजायचं, पाठीमागचं काही नाही. बहिऱ्या म्हाताऱ्यांची लोक कशी गंमत करतात ते मी जन्मभर पाहिलेलं, त्यात थोडी माझीही भर होती. म्हणून मी मान हलवायचो, "व्हय, व्हय" म्हणायचो आणि निभावून न्यायचो.

दिवाळीनंतर एका दुपारी मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. अचानक कोमल जिन्यावरून धावत खाली आली आणि माझ्या अंगावरून आत गेली. मीही उठलो. अनुसयाचा पाय खाट आणि भिंतीच्या फटीत अडकून काळानिळा पडला होता. तिच्या हातात पेला होता. वाजवून वाजवून पेल्याला पोचे आले होते. मी दहा पावलांवर शेंगा सोलत होतो.

कोमलनं पाय सोडवला, चोळला. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "वारा लई सुटला व्हता." त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

आठवडाभरानं रणजीत कामाला निघाला होता. गाडी चालू होती, तिचा धूर माझ्या तोंडावर येत होता. त्यानं एक पुडकं माझ्या हातात दिलं आणि गाडीवरूनच काहीतरी सांगितलं. हेल्मेट घातलेलं, अर्धं तोंड झाकलेलं. मला समजलं ते एवढं: घंटी, काकूच्या, गळ्यात बांधा, दिवा, समोर ठेवा. मी "व्हय, व्हय" म्हणालो आणि तो गेला.

पुडक्यात एक तळहाताएवढा पांढरा दिवा निघाला आणि दोरीत ओवलेली एक डबी, मधे बटण. मी शब्द जुळवले. दिवा काकूच्या समोर ठेवायचा, हे उघड होतं, बिचारी अंधाऱ्या खोलीत पडून असते. आणि घंटी गळ्यात बांधायची. कोणाच्या गळ्यात हे धनगराच्या पोराला सांगावं लागत नाही. कळपात पुढं चालते तिच्या गळ्यात घंटी. माझ्याकडं सात शेळ्या, त्यात चंद्री पुढं चालणारी, आणि तिची घंटी फुटल्याचं मी दोनच दिवसांपूर्वी रणजीतला सांगितलं होतं. मला पोराचं कौतुक वाटलं. ध्यानात ठेवून नवीन आणली.

बांधण्याआधी ती हलवून पाहिली. आवाज नाही. पुन्हा हलवली. आता घंटी वाजते का नाही, हे मी कोणाला विचारणार? विचारलं की पितळ उघडं पडणार. वाजत असेल, मलाच येत नसेल, असं धरून चाललो आणि चंद्रीच्या गळ्यात पक्की गाठ मारली. दिवा अनुसयाच्या समोर कोनाड्यात ठेवला.

चंद्रीला सवय आहे, मान दारासमोरच्या गोठ्याच्या खांबाला घासायची. ती मान घासायची तसं बटण दाबलं जायचं, आणि घरात अनुसयासमोरचा दिवा लाल-निळा उघडझाप करायचा. मी गोठ्यात होतो, मला काय पत्ता. आत आलो तर अनुसया त्या दिव्याकडं टक लावून बसलेली. दिवा लागला. मी घाबरून त्याला टोपीनं हाणलं. तो थांबला. पाणी प्यायलो, तर परत लागला. मी त्याला शिव्या घातल्या, उलटा केला, गोधडीखाली दाबला. गोधडी आतून लाल-निळी होऊन राहिली.

तेवढ्यात कोमल ड्यूटीवरून आली. दारातून तिला चंद्रीचा गळा दिसला, मग गोधडी दिसली, मग मी. तिनं तोंडाला पदर लावला. आणि माझ्या मागं खाटेवर अनुसया हसत होती. अर्ध्या तोंडानं, अंग गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. सात महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. तिनं डाव्या हातानं आधी शेळीकडं दाखवलं, मग माझ्याकडं. आमच्या दोघांत शहाणं कोण, हे तिला सांगायचं होतं.

कोमलनं चंद्रीच्या गळ्यातली डबी सोडली, स्पिरिटानं पुसली आणि अनुसयाच्या गळ्यात घातली. दिवा माझ्या हातात ठेवला. मग माझ्या समोर, मला ओठ नीट दिसतील असं बसली.

"काका, ही घंटी काकूची हाय. त्यांनी दाबली की दिवा तुमच्यापाशी लागंल. आवाज न्हाई, दिवा. काहून की तुमाला ऐकू येत न्हाई."

ती हे हळू, साधेपणानं म्हणाली, जसं कोणी म्हणेल की तुमच्या चपलेचा अंगठा तुटला आहे. मी नेहमीसारखं काहीतरी जुळवायला तोंड उघडलं. पण अनुसया माझ्याकडं पाहत होती, आणि तिच्या पायावरचा काळा डाग अजून गेला नव्हता.

"न्हाई येत," मी म्हणालो. "लई दिवसांपासून न्हाई येत."

मग मी ओसरीवर जाऊन बसलो, दिवा मांडीवर घेऊन. थोड्या वेळानं तो लागला. सात महिन्यांनी मला माझ्या बायकोनं हाक मारली होती आणि ती मला पोहोचली होती. मी उठून आत गेलो. तिला काही नको होतं, नुसतं पाहायचं होतं.

त्यानंतर तिनं मला जे कामाला लावलं, विचारू नका. चहा पाहिजे, दिवा. उशी सरकली, दिवा. शेजारीण आली आहे आणि मी अंगात बंडी न घालता बसलो आहे, दिवा. मी गोठ्यात जाताना दिवा बरोबर नेत होतो, तिथपर्यंत तो लागत होता. लोक म्हणतात दिव्याखाली अंधार. माझ्या घरी दिव्यानंच अंधार घालवला. त्या सोमवारी नागनाथाला गेलो, हात जोडले आणि तोंडात वर राहणाऱ्या दोन लेकरांचीच नावं आली. देवानंही वाईट वाटून घेतलं नसावं.

एक अडचण होती. दिवा डोळ्यासमोर उंचावर पाहिजे, असं रणजीतचं म्हणणं. त्यानं ओसरीच्या भिंतीला तो चिकटवूनही पाहिला, पण तिथं चुन्याची पूड सुटते, सकाळी दिवा खाली. "काका, एक बारका खिळा..." एवढं तो बोलला आणि माझं तोंड पाहून वर निघून गेला. मग मी दिवा पेंडीच्या पोत्याला टेकवून ठेवू लागलो. एकदा तो पालथा पडला आणि अनुसया घटकाभर बटण दाबत राहिली. तरी मी खिळा ठोकू दिला नाही. अट म्हणजे अट.

यंदा जूनमध्ये कोमलची बदली सेनगावकडच्या गोरेगावला झाली. तिचा तांडा तिथून जवळ, ती खूश होती. मीही "चांगलं झालं" म्हणालो. पण त्या दिवसापासून मी एकच घोकत होतो. ही माणसं आपलं सगळं काढून नेणारी. दांडा, हूक, प्लग, आणि घंटी. हिंगोलीच्या दोन दुकानांत मी विचारून आलो होतो, त्यांच्याकडं वाजणाऱ्या घंट्या होत्या, दिवा लागणारी नव्हती. कोमलला विचारलं असतं तर तिनं मोबाइलवर मागवून दिली असती. पण आधीच एवढं घेतलेलं, अजून मागायला जीभ उचलत नव्हती.

जायच्या सकाळी दारात जीप लागली. मी वर जाऊन भिंती पाहिल्या. हात फिरवून पाहिल्या. एक भोक नाही, एक डाग नाही. दोन वर्षं माणसं राहून गेली, आणि भिंतीला पत्ता नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

खाली आलो आणि अनुसयाच्या गळ्यातली दोरी काढायला लागलो. तिनं डबी मुठीत धरली. "लोकाची वस्तू हाय, दे," मी म्हणालो. ती सोडेना. मी एकेक बोट उलगडलं. मग तिनं हात सैल केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. घंटी आणि दिवा घेऊन मी जीपपाशी गेलो.

"हे राहिलं तुमचं."

कोमलनं माझ्या हाताकडं पाहिलं, घेतलं नाही. पुन्हा तशीच माझ्या समोर उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"काका, तांडा हालायचा तवा आजी सगळं बैलावर चढवायची. चुलीचे तीन दगड तेवढे तिथंच ठेवायची. म्हणायची, ते लादायचे नसतात, मागं राहणाऱ्याला ठेवायचे असतात." तिनं माझी बोटं डबीवर मिटवली. "ही लदेणीत न्हाई. हा चुलीचा दगड हाय."

मला तिला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पोरी, लई केलं तुमी आमचं." रणजीत पाया पडला. जीप वळणापर्यंत दिसली.

मी आत जाऊन दोरी अनुसयाच्या गळ्यात घातली. मग पेटीतून हातोडी काढली, एक दोन इंची खिळा शोधला, ओसरीच्या भिंतीवर माझ्या डोळ्याच्या उंचीला खूण केली आणि ठोकला. चुना पायावर पडला. मी बांधलेल्या घरातला तो पहिला खिळा. त्यावर दिवा अडकवला.

तो लगेच लागला. मी आत गेलो. अनुसयानं डाव्या हाताची मूठ करून हवेत हातोडी मारल्यासारखं केलं आणि भुवई वर केली.

"व्हय," मी म्हणालो. "मीच ठोकला."

ती हसली. मी तिच्या समोरच उभा होतो, तरी तिनं पुन्हा बटण दाबलं.