जिन्याची पाटी

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने, संघर्षने, बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली एक लाकडी पाटी काढली आणि टेबलावर ठेवली. वीतभर लांब, वर अडकवायला सुतळी. तिच्यावर एक लांबलचक जर्मन शब्द कोरलेला होता आणि शेजारी झाडूचं चित्र.

"शनिवारपर्यंत परत न्यायचीय," तो म्हणाला. "बिल्डिंगची आहे. समोरच्या हेबरलेबाईंनी तीनदा बजावलंय."

ती पाटी मी एकदाच पाहिली होती. फोनवर, आईच्या डोक्यामागे.

मागच्या जूनमध्ये आईला जर्मनीत, स्टुटगार्टला पाठवलं ते मीच. संघर्ष आणि त्याची बायको प्रिती तिथे आठ वर्षं आहेत, दोघंही दिवसभर ऑफिसात. व्हिसा तीन महिन्यांचा. "महिन्याभरात कंटाळेन गं," आई म्हणाली होती. "इथे तरी काय करतेस?" मी विचारलं. हे खरंच होतं. परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्हाला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्टसमोर चार बंद दारं. चाळीत गॅलरी धुवायची पाळी असायची, प्रत्येक खोलीला एक दिवस. आईला उशीर झाला की शेजारच्या सुभद्रामावशी ओरडायच्या, "बकुळा, आज तुझो दिस, खंय मरूक गेलंस?" टॉवरमध्ये झाडलोटीला कंत्राटी माणसं येतात. सुभद्रामावशी चौदाव्या मजल्यावर राहतात. दोघींची गाठ पडायची ती लिफ्टमध्ये, चौदा मजल्यांपुरती.

आई तिकडे जाऊन तीन आठवडे झाले असतील. मी व्हिडिओ कॉल लावला तर ती जिन्यात उभी. पदर खोचलेला, हातात झाडू, मागे दारावर पाटी.

"अगं, गंमत बघ," ती म्हणाली. "आठवडाभर ही पाटी आपल्या दारावर, मग समोरच्या हेबरलेबाईंच्या. ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना झाडायचा. वर एक डॉक्टर राहतो, तोसुद्धा झाडतो."

मी हसले नाही. माझी आजी मुन्सिपाल्टीत रस्ते झाडायची. मुलीच्या हातात झाडू येऊ नये म्हणून तिने पाठ मोडून घेतली, तेव्हा कुठे आई नर्स झाली आणि वॉर्डाची सिस्टर म्हणून रिटायर झाली. स्वतःची गॅलरी धुणं वेगळं, असं मला वाटायचं. मी म्हणाले, "आजीने रस्ता झाडला तो तू परदेशात जाऊन लोकांचे जिने झाडावेस म्हणून? संघर्षला सांग, बाई लावायला."

तिने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "बरं."

त्यानंतर दर शनिवारी दुपारी अडीचला फोन केला की आई खिडकीशी बसलेली दिसायची. नीट साडी, मागे पांढरी भिंत. काय करतेस विचारलं की म्हणायची, "काय करणार? बसून असते." सप्टेंबरमध्ये परत आली. जानेवारीत एका सकाळी चहा गाळता गाळता गेली.

तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत होती. आईच्या आयुष्यातले शेवटचे मोकळे दिवस मी तिला एका खिडकीशी बसवून संपवले, असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. आता पाटी समोर होती, म्हणून संघर्षला विचारलं.

"तू बाई लावलीस तेव्हा ती फार हिरमुसली का रे?"

तो पाटीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "ताई, बाई लावली नव्हती."

"तू मला तसं सांगितलं होतंस."

"आईने सांगायला लावलं. म्हणाली, 'अक्षताला कळव, बाई लावली. तिचं चुकत नाही, पण तिला इथलं दिसत नाही.'"

"आणि शनिवारचा फोन?"

"तिथे तेव्हा अकरा वाजलेले असायचे. दहापर्यंत जिना उरकायची, साडी बदलायची आणि खिडकीशी बसायची. 'चला, आता म्हातारी होते,' म्हणायची."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं.

"पहिल्या खेपेला तिने काय केलं माहितीय?" तो म्हणाला. "बादलीभर पाणी ओतलं. चाळीत ओतायची तसं, धाडकन. लाकडी जिना तो! पाणी थेट तळमजल्यावर. हेबरलेबाई धावत बाहेर. पंच्याहत्तरीची बाई, घरातल्या सपाता घालून, ओरडतेय जर्मनमध्ये. आणि आपली आई मराठीत."

"काय म्हणाली?"

"'आधी पाय उचला, घसराल.' मग दोघींनी मिळून पुसलं. त्या दिवसापासून कॉफी सुरू. कुणाला कुणाची भाषा येत नाही, पण तासन् तास बसायच्या. दोघी ट्रामने बाजारात जायच्या. महिन्याभरात आईने मलाच शहाणपण शिकवायला सुरुवात केली. रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकायला निघालो तर म्हणते, 'आज नाही टाकायच्या, आवाज होतो, लोक झोपलेले असतात.' आठ वर्षं राहतोय मी तिथे! आणि हेबरलेबाई सोडून मला आजही कुणाचं नाव माहीत नाही."

"तुला राग नाही आला? झाडूचा?"

"तुझ्याआधी मीच ओरडलो होतो. तू बोललीस त्यापेक्षा वाईट बोललो." त्याने पाटी सरळ केली. "मला म्हणाली, 'तुझ्या आजीच्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाची पाळी यायची नाही रे. रोज तिचीच. इथे पुढच्या सोमवारी पाटी समोरच्या दारावर जाते.'"

ती सुखात होती, हे ऐकायला मी इतके दिवस आसुसले होते. आणि ते सुख तिला माझ्यापासून लपवावं लागलं, हेही त्याच वाक्यात होतं. आई मला सगळं सांगते, असं मी कायम समजत आले.

"उलटी कर," संघर्ष म्हणाला. "बाईंनी तुला दाखवायला दिलीय. पाठची बाजू."

पाटीच्या पाठीवर चिकटपट्टीचे तीन तुकडे होते. पांढरी, कापडी, वॉर्डात वापरतात ती. आईच्या पर्समध्ये एक रीळ कायम असायचं, रिटायर झाल्यावरही. पहिल्या तुकड्यावर तिच्या ठाम अक्षरात 'बकुळा'. दुसऱ्यावर तेच नाव, पण मुलाने पहिल्यांदा पाटीवर गिरवावं तसं. शिरोरेघ तुटलेली, उकार भलतीकडे. तिसऱ्या तुकड्यावर त्याच कापऱ्या हाताने 'अक्षता'. त्यातला क्ष गाठ मारलेल्या दोऱ्यासारखा दिसत होता. खालीवर खोडण्याच्या खुणा होत्या. पुष्कळदा प्रयत्न केला असावा.

"आईने शिकवलं," संघर्ष म्हणाला. "तुझं नाव बाईंना जमेना, आणि आई सोडेना. आई गेल्याचं मी बाईंना सांगितलं. त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती, आणि मी इकडे निघायच्या गडबडीत. दार उघडलं तर त्या आमच्या भागाचा जिना पुसत होत्या. गुडघ्यावर बसून."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बारीक केला. परत आले तेव्हा तो पाटीकडे बघत होता.

"ठेवायचीय तुला?" त्याने विचारलं. "बाईंना काहीतरी सांगेन. हरवली म्हणेन."

मला ठेवायची होती. ती इथे ठेवली असती तर भिंतीवर टांगली असती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आईची गोष्ट सांगितली असती.

"तुमच्या दारावर परत कधी येते?"

"येत्या सोमवारी."

मी पाटी टॉवेलात गुंडाळली आणि त्याच्या बॅगेत, कपड्यांच्या मधे, हलणार नाही अशी ठेवली.

"घेऊन जा," मी म्हणाले. "चिकटपट्टी काढू नकोस. आणि बाई लावू नकोस."