ऊर्जेला ऐकू येतं का

माझ्या मामांनी देव सिद्ध केला तो एका रविवारी, सकाळी साडेदहा ते बारा, मध्ये दहा मिनिटं चहा.

मामा निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर सांडपाण्याच्या नळांचे उतार काढले, आणि चोख काढले, हे मी कबूल करते. निवृत्तीनंतर माणसाने झाडं लावावीत, गुडघे सांभाळावेत. मामांना विश्वाची उत्पत्ती सापडली. गेली दोन वर्षं ते वाचनालयाच्या वरच्या सभागृहात ‘विज्ञान आणि सृष्टीकर्ता’ या विषयावर बोलतात. ऐकायला त्यांच्याच वयाची मंडळी येतात. देवावर विश्वास आहे, पण नातवंडं हसतात म्हणून पाठीशी एखादं समीकरण असलेलं बरं, अशी त्यांची गरज.

त्या रविवारी पडद्यावर एक पांढरा ठिपका आला आणि फुटला. मग मामांनी टेबलावर हात आपटला.

“ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही! ती होती, आहे, राहणार! सगळीकडे आहे आणि दिसत नाही! आता तुम्हीच सांगा मंडळी, हे वर्णन कोणाचं?”

“देवाचं!” एक निवृत्त औषधविक्रेते पहिलीतल्या मुलासारखे ओरडले.

झालं. देव सिद्ध. चहा.

मी बावीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ऊर्जेचा हा नियम अख्ख्या प्रसरण पावणाऱ्या विश्वाला सरळसोट लावता येतो का, इथेच भलेभले अडखळतात; मामा अडखळले नाहीत, कारण अडखळायला आधी थोडं चालावं लागतं. मी पहिल्या रांगेत होते. तिथे मामांनीच बसवलं होतं. “ही आमची भाची, भौतिकशास्त्राची डॉक्टर. चुकलो तर कान धरेल!” लोक हसले. मीही हसले आणि गप्प बसले. कोणाकोणाशी डोकं लावायचं? एकाला विज्ञान कळत नाही, दुसऱ्याला देव कळत नाही, आणि दोघांना मिळून चहा हवाय. सगळ्यांना मनातल्या मनात मूर्ख ठरवलं की फार बरं वाटतं, बोलायचेही कष्ट पडत नाहीत. मी दोन बिस्किटं खाल्ली.

तिसऱ्या रांगेत आई होती.

आई घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. चाळीस वर्षं तेच. आणि चाळीस वर्षं काम करताना ती देवाशी बोलते. प्रार्थना वगैरे नाही, सरळ गप्पा. ओठांत टाचण्या धरून. “बघ रे याच्याकडे. पोट सुटलंय चार बोटं, आणि म्हणतो कापड आटलं. तूच सांग त्याला, मी सांगितलं तर वाईट होईन.” बाबा गेले तेव्हा तिने तीन आठवडे देवाशी अबोला धरला. मग एके सकाळी त्याला अशी काही झाडली की शेजारीण धावत आली, आणि त्या दिवसापासून गप्पा पुन्हा सुरू.

आई मापं लिहीत नाही. देवाला सांगते. “एकोणचाळीस, डावा पाय अर्धा इंच कमी. लक्षात ठेव.” आणि चार दिवसांनी कात्री हातात घेऊन विचारते, “किती रे?” त्याला ते आठवतं म्हणे. कॉलेजात गेल्यापासून मी या प्रकाराला नाक मुरडत आले. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे, आणि श्रेय भलत्यालाच जातं, एवढंच माझं म्हणणं.

त्या रविवारनंतर पुढची खोली गप्प झाली. सोमवारी वाटलं, घसा बसला असेल. मंगळवारी मशीनचा आवाज तेवढा येत होता. गुरुवारी बँकेचा रखवालदार पँट घेऊन परत आला. त्याने ती आमच्या दारातच पायांना लावून दाखवली. एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर.

“काकू, मी काही बोलणार नव्हतो,” तो बिचारा म्हणाला, “पण साहेब हसतात.”

चाळीस वर्षांत आईचं माप चुकलं नव्हतं. तो गेल्यावर मी तिच्यासमोर बसले.

“काय झालंय?”

ती बराच वेळ शिवण उसवत राहिली. मग म्हणाली, “ऊर्जेला ऐकू येतं का गं?”

“काय?”

“दादा म्हणाला ना, देव म्हणजे ऊर्जा. वीजबिलावर युनिट असतात तीच ना? म्हणजे इतकी वर्षं मी मीटरशीच बोलत होते म्हणायचं.”

ती हसत म्हणाली. मला रडू आलं, आणि मला रडू आलेलं मुळीच आवडत नाही.

“आई, मामांना त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मग तू उठली का नाहीस? कान धरेल म्हणाला होता. मी तुझ्याकडेच बघत होते. म्हटलं, खोटं असतं तर ही गप्प बसली नसती.”

“लोकांसमोर कशाला, म्हणून.”

“लोकांसमोर गप्प, आणि मला एकटीला खरं सांगतेस होय? मी म्हातारी झाले म्हणून समजूत काढतेस तू.” आणि तिने पुन्हा ओठांत टाचण्या धरल्या, म्हणजे विषय संपला.

तळपायाची आग मस्तकात गेली, ती मामांमुळे की माझ्यामुळे, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. एकशे दहा माणसांत जिने मला प्रमाण मानलं ती एकटी आई, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत बिस्किटं खात होते.

पुढच्या रविवारी मामांचा दुसरा भाग होता. शेवटी त्यांनी मला बोलावलं. “डॉक्टरीणबाई, दोन शब्द बोला. शिक्का मारा!”

मी उठले. आई तिसऱ्या रांगेतच होती.

“ऊर्जा मी रोज शिकवते,” मी म्हणाले. “तो मोजायचा एक आकडा आहे. फार कामाचा आहे. पण त्याला इच्छा नाही, दया नाही, कान नाहीत. त्याला देव म्हणायचं तर उकळत्या किटलीलाही म्हणावं लागेल. मामांनी जे सांगितलं ते विज्ञान नाही. मागच्या रविवारीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चूक माझी.”

औषधविक्रेते उभे राहिले. “म्हणजे देव नाही असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी मानत नाही. पण ते माझं झालं. माझ्या पुस्तकात तो आहे असंही नाही, नाही असंही नाही. मागे मागे जाताना विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणाशी पोचण्याआधीच आमचं पुस्तक अडखळतं, पुढची पानं कोरी. त्या कोऱ्या पानावर मामा देवाला बसवतात. उद्या कोणी ते पान लिहिलं, तर त्याला उठवून कुठे बसवणार? ज्यांना मानायचंय त्यांनी मानावं की. त्यासाठी माझा शिक्का कशाला हवा? त्याला हवाय का, विचारलंत?”

“घरचीच माणसं!” मामा लाल झाले आणि त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. “तुझ्या अडाणी आईला तरी पटलं होतं!”

“पटलं म्हणूनच तिची पँट चुकली,” मी म्हणाले. कोणालाच काही कळलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

वाटेत आईने माझीच हजेरी घेतली. “चारचौघांत बोलायची काय गरज होती? दादाचं तोंड एवढंसं झालं.”

“तूच म्हणालीस ना!”

“का बोलली नाहीस, एवढंच विचारलं. बोल म्हटलं होतं का?”

मी कपाळावर हात मारला.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. पुढच्या खोलीत मशीन थांबलं. मग टाचण्यांमधून आवाज आला, आधी जरा अवघडलेला.

“आठ दिवस बोलले नाही, राग मानू नकोस. मधे जरा घोटाळा झाला होता.” कापड झटकल्याचा आवाज. “दादा चिडलाय. पण त्याची पँट इथेच आहे, न्यायला येईलच. तेव्हा तूच बघ काय ते, माझ्याच्याने नाही व्हायचं. आणि पोरीचं म्हणशील, तर ती तुला मानत नाही. नसू दे. तिच्यावर डूख धरू नकोस.”

मी नळ बंद केला. उगाच आवाज नको म्हणून.

कात्री उचलल्याचा आवाज आला. “दादाची कंबर किती सांगितली होती रे तुला?”

ती थांबली. तिच्या नेहमीच्या पद्धतीने, उत्तराची वाट बघत. तीन आठवड्यांपूर्वी मामांचं माप घेतलं तेव्हा मी इथेच, याच भांड्यांपाशी होते. लहानपणापासून इथेच असते. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं.

“अडतीस.”

कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुला नाही विचारलं,” आई म्हणाली.