शून्य तक्रारींचा महिना

पेन ड्राइव्ह शुक्रवारी घरी न्यायचा आणि सोमवारी परत आणायचा, हे काम मी पाच वर्षं इमानेइतबारे केलं. ताप असो, पाहुणे असोत, एक शुक्रवार चुकवला नाही. त्यात काही भरायचंही असतं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. खोटं कशाला बोलू?

आमची पाण्याच्या पंपांची कंपनी. तिचा तक्रार विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक फोन. माझ्याआधी त्या टेबलावर तीस वर्षं माझे सासरे बसायचे. निवृत्त होताना त्यांनी मला खुर्ची दिली, वही दिली आणि नियम सांगितला: कुठला नंबर कुठे वाजतो, कुणाचा फोन कुणाकडे वळतो, त्या सगळ्याची नक्कल दर शुक्रवारी घ्यायची आणि ती घरी ठेवायची. उद्या कंपनीला आग लागली तरी बॅकअप वाचला पाहिजे. मला वाटलं, नक्कल सिस्टीमवाला घेतो. सिस्टीमवाल्याला वाटलं, मी घेते. रजिस्टरमध्ये मात्र दोघांच्याही सह्या, दर शुक्रवारी, एकाखाली एक.

मग साहेबांना फोनचं नवं सॉफ्टवेअर हवंसं झालं. जुन्याचं काय बिघडलं होतं? काही नाही. पण समोरच्या कंपनीने घेतलं होतं ना! एका शनिवारी सिस्टीमवाल्याने जुनं काढलं, नवं बसवलं, आणि पडद्यावर कोरी पाटी आली. एकही नंबर नाही.

"मॅडम, बॅकअप द्या," तो म्हणाला.

मी ऐटीत पर्समधली रुमालाची पुरचुंडी सोडली. त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर तारीख उमटली, पाच वर्षांपूर्वीची. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

"हाच आहे?" त्याने विचारलं.

"हाच."

"मग हाच टाकतो." आणि टाकला. चूक दोघांची, म्हणजे कुणाचीच नाही.

सोमवारी कंपनीत नुसता गोंधळ. स्टोअरचा फोन कॅन्टीनमध्ये वाजायला लागला. साहेबांचा फोन जिन्याखालच्या खोलीत, जिथे आता झाडू ठेवतात. जो ओरडेल त्याचा नंबर सिस्टीमवाला दुरुस्त करायचा, आणि दोन दिवसांत सगळे ओरडून झाले. राहिला माझा फोन. तो वाजलाच नाही, आणि न वाजणाऱ्या फोनबद्दल मी कशाला ओरडू? मी म्हटलं, चला, लोकांचे पंप सुधारले. कपाट आवरलं, पेन्सिलींना टोकं केली.

बुधवारी संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई दारातच उभ्या.

"अगं, हे तीन दिवस फोनला चिकटलेत. सारखं पंपाचं बोलतात. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?"

आत सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून फोनपाशी बसलेले. समोर वही. "ताई, आधी वरून पाणी भरा, मग बटण दाबा. कोरडा चालवाल तर जळेल तो. भरलंत? आता लावा. येतंय ना? मग झालं तर!" फोन ठेवून त्यांनी वहीत टिक केली.

काखेत कळसा म्हणतात तो हा असा! मला सगळा उलगडा झाला. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून तक्रारींचे सगळे फोन त्यांनी घरी वळवून घेतले होते. शेवटच्या शुक्रवारी लंगडत कंपनीत आले, सकाळी बॅकअप घेतला, आणि फोन परत कंपनीकडे वळवले ते संध्याकाळी. त्या सकाळची नक्कल पाच वर्षं माझ्या पर्समधून ये-जा करत होती.

"बघितलंस सूनबाई?" ते म्हणाले. "नवी यंत्रणा आली तशी साहेबांना माझी आठवण झाली. शेवटी अनुभव तो अनुभव."

त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की माझी जीभच उचलेना. निवृत्त झाल्यापासून ह्या माणसाने घरातच तक्रार विभाग उघडला होता, फक्त तक्रारी सगळ्या त्यांच्याच. नळ गळतो, दार करकरतं, भाजीत मीठ कमी, सून उशिरा येते. तीन दिवसांत एक शब्द नाही! भाजी त्या दिवशी खरंच अळणी होती. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. मग मीही गप्प बसले. त्यांच्यासाठी, असं म्हणावंसं वाटतं, पण पेन ड्राइव्हचं बिंग फुटेल ही भीतीही होतीच की.

महिना भरला आणि साहेबांनी सगळ्यांना सभागृहात जमवलं. पडद्यावर भलंमोठं शून्य. "तीस दिवस आणि एकही तक्रार नाही! नव्या सॉफ्टवेअरने तक्रारी मुळातूनच संपवल्या!" टाळ्या पडल्या. सिस्टीमवाल्याला पुष्पगुच्छ मिळाला. तो घेताना त्याने माझी नजर टाळली.

नंतर साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"मॅडम, तक्रारीच नाहीत तर तक्रार विभाग कशाला? महिनाअखेरीस बंद करतोय. नियम आहे की एक जरी तक्रार उघडी असली तरी विभाग बंद करता येत नाही. पण सुदैवाने एकही नाही."

"आणि मी?"

"तुम्ही इतकं छान काम केलंत की तुमची गरज उरली नाही," साहेब म्हणाले, आणि हे त्यांना कौतुकच वाटत होतं.

चौदा वर्षांची नोकरी, त्यातली पाच ह्या टेबलावर! घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं. सासरे नेमके म्हणाले, "सूनबाई, साहेबांना सांग, वही संपत आली, नवी पाठवा," आणि मी फुटलेच.

"साहेबांना तुम्ही आहात की नाही हेसुद्धा माहीत नाही, बाबा! मी पाच वर्षं बॅकअप घेतलाच नाही, म्हणून हा फोन वाजतोय. तुम्ही इथे तक्रारी मिटवताय आणि तिकडे माझी नोकरी चाललीय!"

बोलून गेले आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. सासूबाई हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या. फोन वाजला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला, तेव्हा सासऱ्यांनी उचलला, कुणाची तरी गळती समजावून सांगितली, टिक केली आणि वही मिटली.

"पाच वर्षं नुसती ने-आण?" त्यांनी विचारलं.

"हो."

"धन्य आहेस," ते म्हणाले आणि न जेवताच झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते माझ्या टेबलासमोर उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही, हातात अर्ज. 'आपल्या कंपनीचे फोन महिनाभर माझ्या घरी येत आहेत. ते बंद करावेत.' खाली सही.

"शिक्का मारा, बाई," ते म्हणाले. सूनबाई म्हणाले नाहीत. मी शिक्का मारला.

साहेब धावत आले. वही चाळली. तीनशे बारा तक्रारी, तीनशे बारा टिका. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वही घाईघाईने मिटून त्यांनी सासऱ्यांना परत दिली. "ही घरीच असू द्या. नोंद फक्त ह्या एका तक्रारीची करू. शून्यावर मालकांचा तसाही विश्वास बसत नव्हता, एक म्हणजे कसं खरं वाटतं. मॅडम, विभागाचं तूर्त राहू द्या. आधी हे फोन इकडे वळवा, आत्ताच्या आत्ता!"

म्हणजे माझी खुर्ची वाचली. आणि तिच्यापायी हा माणूस आपला फोन आपल्या हाताने बंद करायला आला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

सिस्टीमवाल्याने नव्या सॉफ्टवेअरमधून फॉर्म छापून आणला. "काम करण्याआधी तक्रारदाराची सही लागते. त्याशिवाय ते नंबरला हात लावू देत नाही."

"काम व्हायच्या आधी?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे समाधानाचं प्रमाण कायम शंभर टक्के राहतं," साहेबांनी अभिमानाने सांगितलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. फॉर्मवर एकच ओळ होती: 'माझे पूर्ण समाधान झाले आहे.' त्यांनी ती वाचली. पेनाचं टोपण काढलं, पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून बसले. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला.

"करा ना सही," साहेब म्हणाले.

"कशी करू? झालेलं नाही."

"काय?"

"समाधान." त्यांनी टोपण लावलं आणि घड्याळात पाहिलं. "अकराला एका बाईंचा फोन यायचाय, त्यांची मोटर गरम होतेय. मी निघतो. सूनबाई, माझी तक्रार उघडीच ठेव."