गळ्यात अडकलेले भुंकणे

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यातला एक जुना पट्टा. अंग कातड्याचे, पण त्यावर लोखंडी खिळे, टोके बाहेर काढलेले. बिबट कुत्र्याला गळ्याशीच धरतो, म्हणून आमच्या वडशाकडच्या जंगलपट्टीत कुत्र्याला असा पट्टा घालत. दागिना म्हणून मला कोणी घेतले नव्हते. मिरवलो मात्र मी दागिन्यासारखाच.

गोष्ट एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराची. धान निसवले की रानडुकरे बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, उतरत. गुणवंतराव शेतकऱ्यांनी राखणीला पिवळ्या नावाचा कुत्रा पाळला आणि मला त्याच्या गळ्यात बांधले. पिवळ्याने मचाणाजवळ राहून फक्त भुंकायचे. पुढचे गुणवंतराव आणि त्यांचा बडवायचा टिनाचा डबा पाहून घेत. पण पिवळ्या तरुण होता. तो डुकरामागे थेट जंगलात धावे. त्याला शिकवायला कोणीतरी हवे होते.

गुणवंतरावांनी मुखरू शिकारी निवडला. त्याने साहेबलोकांच्या शिकारीसाठी कुत्री तयार केली होती, आणि त्याच्या मिशा फार मोठ्या होत्या.

"अवो, त्याचाच कुत्रा त्याले पाहून खाटेखाली काऊन जाते?" गुणवंतरावांच्या बायकोने, रुखमाबाईने विचारले.

"धाक म्हनते त्याले. मले तं घरात कोनीच भेत नाई."

"तुमच्या मिशा कुठी तेवढ्या."

मुखरूने पिवळ्याला आपल्या घरी नेले. शिकवताना कोणी पाहायचे नाही, ही त्याची अट. मी पाहिले, पट्ट्याचा संकोच कोणी करत नाही. शिकारीच्या कुत्र्याने आवाज केला तर सांबर पळते, म्हणून पिवळ्या भुंकला की छडी बसे. भुंकणे गळ्यापर्यंत येई, माझ्याखाली थरथरे आणि तिथेच थांबे. पुढे पुढे ते यायचेही बंद झाले.

पिवळ्या परतला तो साधू होऊन. बस म्हटले की बसे. लोक त्याला पाहायला येत, पान खात आणि म्हणत, "मानसाले एवढी शिस्त नाई." ही शिस्त माझ्या खिळ्यांमुळे आली, असे मलाही वाटू लागले होते.

मग एका सकाळी धान आडवे झालेले दिसले. डुकरे बांधी लोळवून गेली होती आणि पिवळ्या मचाणाखाली शिस्तीत बसला होता.

"याले जंगलात सोडून येतो," गुणवंतराव म्हणाले. "पट्टा ठेवतो. दुसऱ्या कुत्र्याले होईन."

माझे बक्कल निम्मे सुटले होते, तेव्हा रुखमाबाईने त्यांचा हात धरला. "बाजारापर्यंत थांबा. कमरुद्दीनभाऊले विचारू."

कमरुद्दीन वडशाचे धानाचे व्यापारी. त्यांच्या बैलबंडीखाली बसणारा काळ्या नावाचा कुत्रा कोणाला पोत्याला हात लावू देत नसे, आणि त्यांची हाक आली की शेपूट हलवत धावे. रुखमाबाईने ते पाहून ठेवले होते.

बाजाराच्या दिवशी कमरुद्दीन आले. "गुणवंतभाऊ, कुत्रा कायले पायजे, शिकारीले का राखणीले?"

"राखणीले."

"मंग शिकाऱ्याले काऊन देल्ला?"

गुणवंतरावांनी आपल्या लहानशा मिशांवरून हात फिरवला.

"कुत्रा तुमचा हाय, शिकवाल तुमी. मी तुमाले शिकवीन. अन् बाई, तुमी समोर बसा."

मग दर बाजाराच्या दिवशी बांधावर शाळा भरू लागली. काळ्या भुंके आणि त्याला भाकरीचा तुकडा मिळे. पिवळ्या पाहत राही. गुणवंतरावांनी काठी दूर ठेवायची आणि शाबास म्हणायचे. काठी ते दूर ठेवू शकले. शाबासकीला वेळ लागला. घरात त्या शब्दाची चालच नव्हती.

एकदा दिवस कलताना धानात खसखस झाली. माझ्याखाली काहीतरी थरथरले. पिवळ्याने गुणवंतरावांच्या हाताकडे पाहिले. हात रिकामा होता. मग तो भुंकला. आधी खोकल्यासारखा, नंतर सारे रान ऐकेल असा. आणि मचाणापासून हलला नाही. डुकरे परत फिरली. रुखमाबाईने पदर डोळ्यांना लावला.

"शाबास," गुणवंतराव म्हणाले. कमरुद्दीन त्या दिवशी वडशाला होते.

पिवळ्या म्हातारा होऊन मेला. आमच्या भागात कुत्र्याला हे भाग्य क्वचितच मिळे. मी आता कुडाच्या भिंतीला टांगलेला आहे. खिळे गंजले, कातडे तडकले. कोणी येत-जात नाही, पण सांजवेळी ती थरथर अजून आठवते.

मित्रांनो, कुत्रा शिकवायला द्याल तेव्हा शिकवणाऱ्याच्या मिशा पाहू नका. त्याचा कुत्रा त्याला पाहून कुठे जातो, ते पाहा. तो दार लावून शिकवत असेल, तर आपला कुत्रा घेऊन परत या. आणि पट्टा बांधताना दोन बोटे आत जातील इतका सैल बांधा. आवाजाला वर यायला जागा लागते.