पळवलेली भूक

बेकरीत सगळे तिला ढबू म्हणत, आणि त्या हाकेत मायाच असे. प्रत्येक घाण्यातल्या पहिल्या पावाचा तुकडा तिने चाखल्याशिवाय माल बाहेर जात नसे. देवाने तिला पोटभर भूक दिली होती आणि जीभ त्याहून चोख.

लग्न ठरलं आणि काहीतरी बिनसलं. तुकडा तोंडात फिरू लागला. रात्री डोळ्याला डोळा लागेना, छाती अशी धडधडे की हातातला ट्रे खुळखुळे. भट्टीवाले काका म्हणाले, ही प्रेमाची लक्षणं. तिलाही पटलं. मुलाला ती जेमतेम तीनदा भेटली होती, पण रोज दुपारी तो फोनवर विचारी, भूक लागली का? एवढी काळजी कोण करतं? तिने लाजत आईला सगळं सांगितलं. आई शिवणकाम करायची. लेकीच्या कमरेभोवती टेप धरत ती हसली, "होतं असं, बाळ," म्हणाली, आणि लग्नाचा पोशाख आणखी दोन बोटं आत घेतला. जेवण जात नाही तर निदान हे संपव, म्हणून ती रोज थर्मासमध्ये चॉकलेटचं दूध भरून देई.

एके दिवशी कामाच्या गडबडीत दूध राहिलं. टाकायचं कशाला, म्हणून काकांनी ते गटागट पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका लाल डोळ्यांनी आले. एरवी बोटाने पुसून रिकामा होणारा त्यांचा डबा दुपारी भरलेलाच राहिला.

"कालपासून अन्न बघवत नाही, रात्रभर टक्क जागा, छातीत नुसते घोडे. ढबे, साठीत मीही प्रेमात पडलो की काय? बायको जीव घेईल माझा."

सगळे हसले. ढबूही हसली, आणि हसता हसता तिची नजर थर्मासवर खिळली.

ती तडक घरी गेली. शिलाई मशीनच्या खणात, रिळांखाली, गोळ्यांचं पाकीट होतं. भूक मारायच्या गोळ्या. आईने नाकारलं नाही. मुलानेच आणून दिल्या होत्या. लग्नापर्यंत बारा किलो उतरवायचे, ही त्याच्या घरची अट होती. तुला सांगितलं असतं तर घेतल्या असत्यास का, असं आईनेच उलट विचारलं.

"आई, मला वाटलं मी त्याच्यावर प्रेम करतेय."

"ते लग्नानंतर होतंच गं."

"मी तुला लाजत सांगत होते आणि तू हसलीस. तुला माहीत होतं."

आईच्या हातातली टेप घरंगळली.

ढबूने त्याला फोन लावला. रागाव नंतर, आधी वजन किती झालं ते सांग, तो म्हणाला. लग्न होणार नाही एवढंच सांगून तिने फोन ठेवला.

पाचव्या दिवशी, भट्टीतून आलेला पहिला पाव फोडताना, तिच्या पोटात भूक कळवळून उठली. तिने अख्खा पाव उभ्याउभ्या खाल्ला. काकांनी दुसरा पुढे सरकवला.

तेवढ्यात आई दारात आली. डोळे सुजलेले, हातात तोच थर्मास.

"साधं दूध आहे, बाळ. देवाशपथ."

ढबूने झाकणात दूध ओतलं आणि ते आईपुढे धरलं.

"आधी तू पी."

आई सगळ्यांदेखत प्यायली. लेक तिच्याकडे बघत उभी राहिली, नव्या घाण्याकडे बघावं तशी. मुलींना मापात बसवायला निघालेल्या प्रत्येक घराने तो एक घोट आठवावा.