फुटलेला साक्षीदार

“अहो, तुमच्या चहात काय पडलं?” हिने विचारलं.

“चुना असेल. इथे दुसरं काय पडणार?” मी बोटाने तो काढून टाकला.

ही हसली नाही. मान वर करून छताच्या कमानीकडे बघत राहिली. ती नजर माझ्या ओळखीची होती आणि मला ती कधीच आवडली नाही.

आम्ही चौकातल्या जुन्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर बसलो होतो. उद्या सकाळी इथे वाचनालय सुरू व्हायचं होतं. दुरुस्ती आमच्या लेकीने केलेली, तिचं पहिलं मोठं काम. तिने हा धंदा आईकडूनच उचलला. मध्ययुगातल्या इमारती कशा बांधल्या, कशा टिकल्या, हे शोधण्यात आणि त्या सांभाळण्यात हिचा जन्म गेला. संसारात मी होतो, पण मला सवतीही बऱ्याच होत्या, सगळ्या दगडी.

ही उठली, भिंतीला गाल लावून एका डोळ्याने लांबवर बघितलं.

“भिंतीला पोट सुटलंय.”

“माझ्यासारखं?”

“तुमचं निदान दिसतं तरी.” मग तिने लेकीला हाक मारली. “अगं, बाहेर दगड, आत दगड आणि मध्ये नुसता भराव. तो खाली बसला की दगडांना बाहेर ढकलतो. इथे तेच चाललंय.”

“आई, भेगेवर काच लावलीय ना. पावसाळाभर शाबूत आहे. बघ की.”

भेग वाढते का हे कळायला तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवतात. भेग हलली की काच फुटते. हे लोक तिला साक्षीदार म्हणतात. मी कोर्टातला कारकून, त्यामुळे हिला नेहमी चिडवायचो, की आमच्याकडे साक्षीदार फुटला तर खोटा, तुमच्याकडे फुटला तरच खरा.

हिने काचेखाली नख घातलं. काच अलगद हातात आली, पाठीला रंगाचा पापुद्रा घेऊन. लेकीने ती दगडावर नाही, रंगावर चिकटवली होती. रंग कधीच सुटला होता. मागे भेग वाढत गेली असली तरी काचेला त्याचा पत्ताच नव्हता.

पोरीचा चेहरा उतरला. मला तिची फार दया आली आणि खरं सांगायचं तर हिचा रागही आला.

“उद्या सगळं गाव येणार आहे, आई.”

“म्हणूनच तर.”

“ऐनवेळी रद्द केलं तर मला पुन्हा काम कोण देईल?”

हिने पर्स उघडली. हिच्या पर्समध्ये आरसा नसेल, पण काचपट्टी असायचीच. रंग खरवडून हिने दगड उघडा केला आणि नवी पट्टी चिकटवली.

“बसू या जरा. मग तू म्हणशील तसं.”

बसलो. चहा गार झाला. बाहेर कबुतरं मनोऱ्याभोवती घिरट्या घालत होती, एकही टेकत नव्हतं. अंधारून आलं तशी लेक उठली.

“काही झालं नाही, बघ. उद्याचं होऊन जाऊ दे. परवा मी स्वतः टेकू लावून घेते.” तिने उद्याची तयारी करणाऱ्यांना फोन लावला.

टक्.

एवढाच आवाज. काच मधोमध फुटली होती.

फोनवर पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

“उद्याचं रद्द,” लेक म्हणाली. “चौकात दोर बांधा. आजूबाजूची घरंदुकानं रिकामी करा. आत्ता.”

सगळे दोराबाहेर गेल्याचं तिने स्वतः फिरून पाहिलं, मग दाराला कुलूप घातलं. हिने भिंतीवर तळवा ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग माझ्यापुढे चालू लागली.

घरी कोणालाच भूक नव्हती, तरी हिने पानं वाढली. पहिला घास घेणार तोच चौकाकडून आवाज आला. आधी एखादाच दगड पडल्यासारखा, मग बराच वेळ नुसती गडगड. ताटं थरथरली. लेक ताडकन उठली.

“बस,” ही म्हणाली. “आत कोणी नाही.”

आणि हातातला घास तिने परत ताटात ठेवला.