शेजारच्या पायऱ्या

ब्रोनियाने वाकून पायरीवर तळवा ठेवला. पायरी ओली होती. तिन्ही संगमरवरी पायऱ्या घासूनपुसून लख्ख झाल्या होत्या, आणि तिच्या बादलीतला ब्रश अजून कोरडाच होता.

"मघाशी मीच घासल्या की काय?" ती पुटपुटली. काही केल्या आठवेना. गेल्या शनिवारीही असंच झालं होतं.

बॉल्टिमोरच्या या गल्लीत विटांची घरं एकमेकांना चिकटून उभी, सगळी एका साच्यातली. शनिवारी पायऱ्या काळ्या दिसल्या की त्या घरातलं माणूस खचलं, असं सगळी गल्ली धरून चालते. ब्रोनियाला मात्र गल्लीपेक्षा लेकीची धास्ती जास्त होती. शेगडी चालू राहिली तेव्हा डोलोरेसने बजावलं होतं, "आणखी एकदा असं काही झालं ना आई, की तुला वृद्धाश्रमात नेणार. छान आहे तिथे. पायऱ्याच नाहीत." पायऱ्या नसलेल्या घरात माणसाने करायचं तरी काय, हे त्या पोरीला कोण सांगणार!

पुढच्या शनिवारी ब्रोनिया उजाडताच खिडकीशी बसली. खिडकीच्या जाळीवर बाहेरून चित्र रंगवलेलं: लाल छपराचं घर, तळं, दोन हंस. बाहेरच्याला नुसते हंस दिसतात, आतल्याला सगळी गल्ली.

शेजारचा म्हातारा कॅझ बादली घेऊन बाहेर आला. फुटपाथवर उतरून वळला आणि दोन्ही घरांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याच्याही खिडकीत असेच हंस होते, त्याच चिताऱ्याचे. पण मुलाने मध्यंतरी नव्या काचा बसवल्या आणि जाळी फेकून दिली. अखेर कॅझला ब्रोनियाच्या खिडकीत हंस सापडले. त्याचा चेहरा खुलला. गुडघे टेकून तो ब्रोनियाच्या पायऱ्या घासू लागला.

म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर होतं! ब्रोनियाला इतका आनंद झाला, की लगेच तिची तिलाच लाज वाटली.

घासून झाल्यावर कॅझने खिशातली किल्ली काढली आणि तिच्या कुलपात घालू लागला. तिने दार उघडलं.

"तू माझ्या घरात काय करतेयस?" कॅझ गोंधळून गेला.

"साखर मागायला आले होते," ब्रोनिया म्हणाली. "चल, तुला कॉफी करून देते."

हाताला धरून तिने त्याला त्याच्या घरी नेलं. स्वतःची खुर्ची दिसताच तो निवांत झाला.

बाहेर पडताना तिला त्याच्या पायऱ्या दिसल्या. काजळीने माखलेल्या. दुपारी त्याचा मुलगा येणार होता, आणि तोही डोलोरेसच्याच पंथाचा. ब्रोनियाने आपली बादली आणली आणि खाली बसली.

शेवटच्या पायरीवर असताना मागे गाडीचं दार आपटलं.

"आई!" डोलोरेसचा आवाज चिरकला. "अगं, कुणाच्या पायऱ्या घासतेयस?"

ब्रोनियाने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात कॅझ दारात येऊन उभा राहिला, हातात कॉफीचा पेला, चेहरा अगदी प्रसन्न.

"अगं ब्रोनिया, तुझं घर शेजारचं!" तो हसला. मग डोलोरेसकडे बघून हळूच म्हणाला, "वय झालंय बिचारीचं. रागावू नकोस हं."

ब्रोनियाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ब्रश पाण्यात बुडवला.

"हो की गं," ती लेकीला म्हणाली. "चुकलेच बघ."

आणि उरलेली अर्धी पायरी तिने घासायला घेतली.